मी सुचवलेले स्थळ

“आजी, सबर बोंडं म्हणजे काय गं?”

नातीने विचारले तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. म्हटले, “फड्या निवडुंगाची फळं. तांबडीलाल. वर बारीक कुसळं असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. तशीच हातात घेतलीस तर आठवडाभर बोटं सलतील. मातीत घोळवायची, गोणपाटानं पुसायची आणि मग सोलायची. खाल्लीस की ओठ, जीभ, दात सगळं लाल. चोरून खायची सोयच नाही!”

“तुला कुणी दिली होती?”

“तुझ्या गावच्या काकानं. पाच वर्षांचा होता तेव्हा.”

१९७१ साली मी नवी नवरी म्हणून सासरच्या गावी गेले. पुण्यात वाढलेली मुलगी. ते कृष्णाकाठचे उसाचे गाव, धुराने काळवंडलेले गुऱ्हाळ, दारातली जनावरे, माजघरातल्या अनोळखी बायका, या सगळ्यांनी अगदी बावरून गेले होते. त्या घरात माझ्याशी आपण होऊन पहिल्यांदा बोलले ते थोरल्या दिरांचे पोर. त्याने सदऱ्याच्या ओच्यात चार बोंडे आणली, माझ्यासमोर बसून सोलली आणि एक माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, “काकी, काटं काढल्यात बगा.”

नातीचा प्रश्न निघाला होता तो एका चित्रपटावरून. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ २०२५च्या सप्टेंबरात आपल्याकडे लागला. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांसाठीचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. मराठी चित्रपटाला एवढा मान, तेव्हा पाहायलाच हवा, असे नातीचे म्हणणे. मला पारितोषिकाचे काही नव्हते. पन्नासएक वर्षांत तो शब्द कानांवर पडला नव्हता, म्हणून मी गुडघ्याला पट्टा बांधून निघाले.

गोष्ट साधी आहे. मुंबईत नोकरी करणारा तिशीतला आनंद. वडील वारतात आणि दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी तो आईबरोबर गावी येतो. आपल्याकडे चार नातेवाईक जमले की मयताच्या घरीसुद्धा लग्नाचा विषय निघतोच, तसा तो निघतो. गावात त्याचा लहानपणीचा मित्र आहे, बाळ्या. तो शेतकरी, त्याच्याही घरी ‘आता उरकून टाकू’ चाललेले आहे. या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे. कुणी कुणाला झोडपत नाही, विहिरीत कुणी उडी टाकत नाही. वारा, शेळ्या, झाडाची सावली आणि दोन माणसे. आणि एक आई आहे. नुकतेच कुंकू पुसलेली बाई. पण मुलाचे मन तिला ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे. भाषण करून नव्हे; नुसती असते.

त्या आईला पाहून मला रडू आवरेना. नातीने हातात रुमाल दिला. तिला वाटले, आजी चित्रपटात रमली. मला पडद्यावर माझ्या जाऊबाई दिसत होत्या.

घरी आल्यावर नातीने ढीगच लावला. एकेक पुस्तक, एकेक चित्रपट. “आजी, तू चाळीस वर्षं ग्रंथालयाची सभासद आहेस आणि यातलं काहीच वाचलं नाहीस?” खरेच वाचले नव्हते. मी मराठीची शिक्षिका. खेड्यातला मुलगा वयात कसा येतो हे आमच्या साहित्याने मला भरभरून सांगितले होते. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीहून पुण्याला येतो. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तला पोरगा शाळेसाठी बापाशी झुंजतो, तो भाग तर मी वर्गात वाचून दाखवताना गहिवरत असे. यादवांच्याच ‘नटरंग’मध्ये (१९७८) एक चांगला धडधाकट मजूर तमाशाच्या वेडापायी नाच्याचे सोंग घेतो आणि मग त्याच्या पुरुषपणाविषयीच गाव शंका घेऊ लागते. गावाचा शब्द माणसाच्या चालण्याला कसा चिकटतो, ते त्यात आहे. पण एका मुलाने दुसऱ्या मुलावर जीव लावला आणि दोघेही शेतकऱ्याचे, अशी गोष्ट माझ्या वाचनात आली नव्हती.

तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले, ते मात्र आम्ही दोघांनी पाहिले होते. त्यातली नायिका मित्रा, कॉलेजातली मुलगी, दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. नाटक संपल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग हे म्हणाले, “असलं सगळं शहरात होतं. गावाकडं नाही बाबा.” मी मान डोलावली. गंमत अशी, की गावाकडच्या माणसांचेही हेच मत असते: असलं काय ते पुण्या-मुंबईकडं. आणि पुण्या-मुंबईचे लोक विलायतेकडे बोट दाखवतात.

विलायतेची गोष्ट निघाली म्हणून सांगते. ई. एम. फॉर्स्टर हा मोठा कादंबरीकार १९२१ साली देवासच्या मराठी महाराजांकडे खाजगी चिटणीस होता. त्याची ‘मॉरिस’ नावाची कादंबरी तेव्हा लिहून तयारच होती. त्यात एका सुखवस्तू तरुणाचे इस्टेटीवरच्या शिकाररक्षकाशी प्रेम जुळते. लिहिली १९१३-१४ मध्ये आणि छापून आली १९७१ मध्ये, लेखक वारल्यावर! माझ्या लग्नाच्या वर्षी. इतकी वर्षे ती गोष्ट पेटीतच राहिली. तेव्हा विलायतेलाही फार बोलायला जागा नाही.

पुस्तके वाचता वाचता माझी मते होऊ लागली. एदुआर लुई नावाच्या फ्रेंच मुलाने अगदी कोवळ्या वयात, २०१४ साली, आपल्या बालपणावर कादंबरी लिहिली. उत्तर फ्रान्समधले खेडे, कारखान्यात पाठ मोडलेला बाप, आणि नाजूक आवाजाचा एडी. शाळेत दोन मुले त्याला रोज गाठून मारतात आणि तोही त्याच जागी, त्याच वेळी जाऊन उभा राहतो, म्हणजे निदान मार तरी इतरांच्या देखत पडायला नको. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. तीस वर्षे शाळेत काढली मी. माझ्या शाळेच्या जिन्याखाली कोण उभे राहत होते, देव जाणे. पण एक वाटले, की त्या पुस्तकात गाव म्हणजे नुसता चिखल आहे. पोराने तिथून निसटावे एवढीच वाचणाऱ्याची इच्छा. माझ्या जाऊबाई त्यात कुठेच बसेनात.

त्याउलट ‘गॉड्स ओन कंट्री’ हा २०१७चा इंग्रजी चित्रपट. यॉर्कशायरमधला मेंढ्यांचा मळा, लकव्याने अधू झालेला बाप, करारी आजी, आणि सगळे ओझे अंगावर पडलेला जॉनी. तुसडा आणि दारूत बुडालेला. मेंढ्या विण्याच्या हंगामात रुमानियाचा एक गडी कामावर येतो. मेलेल्या कोकराचे कातडे काढून तो ते पोरक्या कोकराच्या अंगावर चढवतो, म्हणजे मेलेल्याची आई वासाने फसून त्याला पाजते. मी हे आमच्या गड्याला सांगितले असते तर तो म्हणाला असता, ह्ये आपल्यावानीच की. आमच्याकडे वासरू मेले की कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवीत. आणि त्या गोष्टीत जॉनीला मळा सोडावा लागत नाही, हे मला फार आवडले. गोष्टी लिहिणारे उगीचच मुलांना आगगाडीत बसवतात. सगळ्यांना गाव नकोसे नसते. आमच्या पोराला तर मुळीच नव्हते.

तो १९८४ ते ८७ आमच्याकडे कॉलेजसाठी राहिला. शांत, घरात हातभार लावणारा. शेजारच्या रानातल्या मित्राची त्याला आठवड्याला दोन अंतर्देशीय पत्रे यायची. एकदा झाडलोट करताना त्यातले एक माझ्या हाती लागले. वाचायला नको होते, मी वाचले. त्यात काही नव्हते. पाटाला पाणी आले. तांबड्या गाईला कालवड झाली. गुऱ्हाळ सुरू झालेय, गुळव्या म्हणतो यंदा रस पातळ आहे. तू नाहीस तर रात्री चुलवाणापाशी झोप लागत नाही. बस्स. मी पत्राची घडी होती तशी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिली. पुन्हा त्या ट्रंकेला हात लावला नाही. नुसती मैत्री वाटली असती, तर मी ते पत्र जेवताना सगळ्यांना हसत हसत वाचून दाखवले असते.

थोरले दीर अंथरुणाला खिळले, तसा पोरगा गावी परतला. दोघा मित्रांनी मिळून गुऱ्हाळ चालवले. काहिलीतल्या उकळत्या रसावरची मळी काढताना दोघे समोरासमोर उभे असत. एकाने म्हणायच्या आत दुसऱ्याचा झारा पुढे येई. त्या चार-पाच वर्षांत आमच्या घराला जसा गूळ मिळाला तसा पुन्हा मिळाला नाही. गाव त्यांना जोडगोळी म्हणे. कुणी वाईट बोलत नसे. गावाकडे अशा माणसाला चिकटवायचा जो शब्द आहे तो यांना लागू पडेना. दोघेही एका हाताने बैल वळवणारे! गावाला पुष्कळ काही दिसते आणि बरेच दिवस गाव ते पाहत नाही. मात्र मुलगा पंचविशीचा झाला की गावाला अचानक स्पष्ट दिसू लागते.

१९९२च्या जानेवारीत जाऊबाई दाढ काढायला पुण्याला आल्या. मी त्यांना आक्का म्हणत असे. रात्री अंथरुणे घातली, दिवा मालवला. बऱ्याच वेळाने त्या अंधारात म्हणाल्या, “त्येच्या लग्नाचं नगं काडूस कुणी. ऱ्हाऊ दे तसाच.”

“असं कसं आक्का?”

“काही काही मानसं असत्यात तशी. लगीन करून दुसऱ्याच्या लेकीचं वाटुळं कशापायी?”

सही करताना ज्यांचा हात थरथरत असे त्या बाईने हे सांगितले, आणि मराठीत एम. ए. झालेल्या मी त्यांना तासभर समजावले. लोक काय म्हणतील, म्हातारपणी कोण बघेल, वंश, जमीन. आणि शेवटी म्हणाले, “लग्न झालं की सगळं सुरळीत होतं, आक्का.” त्या काही बोलल्या नाहीत. सुजलेल्या गालावर हात ठेवून भिंतीकडे वळून झोपल्या.

स्थळ मीच आणले. आमच्या शाळेतल्या एका बाईंची भाची. बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, हसरी. पाहण्याच्या दिवशी पोहे मी केले होते. मुलगा निर्व्यसनी, शेतीवाडीचा, आईवेडा. मी बोलले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मुलीच्या वडिलांनी खाली उतरताना माझे हात हातात घेतले, “बाई, तुम्ही मध्ये आहात म्हणून आम्ही निर्धास्त.”

चौदा महिन्यांनी ती माहेरी परतली. तोवर गुऱ्हाळाची भागी मोडली होती, मित्र दुसऱ्या तालुक्यात साखर कारखान्यावर नोकरीला लागला होता आणि दोन रानांच्या मधल्या बांधावर काटेरी तार आली होती. मुलीने कारण सांगितले नाही, निदान कुणाला सांगितल्याचे ऐकिवात नाही. स्टाफरूममध्ये तिच्या मावशींनी विचारले तेव्हा मी म्हणाले, “आजकालच्या मुलींनी जरा जुळवून घ्यायला हवं.” त्या बाई त्यानंतर माझ्याशी कामापुरतेच बोलत.

नात मला कायद्याचे सांगते. १८६०च्या दंडसंहितेतले ३७७ कलम होते, ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या खाजगी संमतीच्या संबंधांतून ते काढून टाकले. विवाहाला मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात दिली नाही. म्हणजे १९९२ साली तो कायद्याने गुन्हेगार होता. असेल. पण आमच्या घरात त्या कलमाचे नाव कुणाला ठाऊक होते? त्याला कुणी पोलिसाने अडवले नाही. अडवले ते मी, पोह्यांवर ओले खोबरे पेरून.

म्हणून ही सगळी पुस्तके वाचताना मी एकच शोधत राहिले. बाप असतो त्यांत, मारकुटा किंवा मुका. आई असते. मित्र असतो. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) बहीण आहे, एकाच भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघेही जीव टाकतात, आणि दोघांनाही आपापली बाजू सांगायला मिळते. ते पुस्तक पुण्यातलेच. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ ही वयात येणाऱ्या समलिंगी मुलाची गोष्ट मी ग्रंथालयात मागितली, तर त्यांनी मला व. पुं.चे ‘पार्टनर’ काढून दिले. मी दुरुस्त करायला गेले आणि विषय सांगताना माझीच जीभ अडखळली. नातीने मग ते कुठून तरी आणून दिले.

बायको थोडीफार भेटली ती ॲनी प्रू या बाईंच्या गोष्टीत. १९९७ साली ती ‘न्यू यॉर्कर’मध्ये आली, पुढे तिच्यावर ‘ब्रोकबॅक माउंटन’ हा गाजलेला चित्रपट निघाला. १९६३च्या उन्हाळ्यात डोंगरावर मेंढ्या राखणारी दोन गरीब पोरे. पुढे दोघांचीही लग्ने होतात. चार वर्षांनी मित्र भेटायला येतो आणि एकाची बायको दारातून दोघांना पाहते. पाहते आणि दार लावून घेते. ते दार मी तीनदा वाचले. पण त्या बायकोला त्या घरात आणून कुणी सोडले? कुठल्या मावशीने, कुठल्या काकीने? ती काकी कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. तिकडे लग्ने आपली आपण जुळतात, तेव्हा तिथे ती नसणारच म्हणा. पण आपल्या गावच्या गोष्टीत तिच्याशिवाय पान हलणार नाही. गोष्ट लिहिणारी बहुतेक मुले तरुण आहेत. त्यांना बापाचा राग आलेला असतो, आईची माया आठवते. कडेला बसून ‘मुलगी बघायची का?’ म्हणणारी बाई त्यांच्या ध्यानात राहत नसावी.

ती मुलगी मला २०१९ साली कोल्हापुरात एका लग्नात भेटली. मुलगी कसली, केस पिकलेली, बँकेत अधिकारी. पुन्हा लग्न केले होते, मुलगा इंजिनियर झाला होता. आपण होऊन माझ्या शेजारी येऊन बसली. पंगत उठत होती, वाजंत्री चालू होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “काकी, मला कितीतरी वर्षं वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. आरशात बघवायचं नाही.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने वळून विचारले, “तुम्हाला ठाऊक होतं का हो?”

मी म्हणाले, “नाही गं.”

तिने मान हलवली आणि जाताना आपला पत्ता आणि फोन माझ्या वहीत लिहून दिला. पुण्याला येणं झालं की कळवा म्हणाली. मी कळवले नाही.

जाऊबाई २०११ मध्ये गेल्या. पोरगा आता साठीला टेकला आहे, एकटाच राहतो. गुऱ्हाळ पडले, ऊस कारखान्याला जातो. तरी दर दिवाळीला कुठून तरी चांगला गूळ मिळवून एक ढेप मला पाठवतो. ढेपेबरोबर चिठ्ठी नसते.

चित्रपट पाहून आल्यावर आठ दिवस मी नुसतीच फोनकडे बघत होते. नवव्या दिवशी लावला. पाऊसपाणी झाले, गुडघे झाले. मग म्हणाले, “अरे, तुझी आई मला नको म्हणाली होती. तुझं लग्न काढू नको म्हणाली होती. मीच ऐकलं नाही. मला ठाऊक होतं सगळं.”

पलीकडे बराच वेळ नुसता वारा. तो रानात असावा. मला वाटले, फोन बंद झाला.

“आई म्हनली हुती?” त्याने विचारले.

“हो.”

“मला कवा बोलली न्हाई.” पुन्हा वारा. कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने ‘आलो’ म्हटले. पण फोन ठेवला नाही. मी वाट पाहत होते, तो मला चार शब्द बोलेल, निदान एक तरी. तो म्हणाला, “काकी, यंदा ढेप धाडू का काकवी?”

“काहीही धाड.”

“आन् तिचा पत्ता आहे का तुमच्याकडं?”

मी वही आणायला उठले.